नववा पॅच

"नववा पॅच कुणाचा?" बिनीवालेसरांनी विचारलं.

मंगळवारची दुपार होती. पाच महिन्यांची रेवा मांडीवर दूध पीत होती, लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर होता, आणि माझा कॅमेरा न् माइक दोन्ही बंद होते. कॉलवर आम्ही चौघं. सर मिरजेच्या ऑफिसातून बोलत होते, शेजारच्या खोलीतून मगदूमअण्णा, सोलापुरातून इर्शाद, आणि ऑफिसपासून तीन किलोमीटरवरच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधून मी.

"माझा," अण्णा म्हणाले.

"त्यात दहाच्या जागी सहाशे कुणी लिहिलं?"

अण्णांकडून वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. "वर नाव माझं हाय सर. म्हणजे मीच लिहिलं असणार."

"असणार म्हणजे?"

"मला आठवत न्हाई."

आमची कंपनी लहान. नवजात बाळांना ऊब देणारी यंत्रं बनवायची, वॉर्मर म्हणतात त्यांना. बाळ उघड्या गादीवर निजलेलं असतं, वर हीटर, आणि बाळाच्या पोटावर चिकटवलेला एक सेन्सर. सेन्सर निसटून गादीवर पडला तर यंत्राला वाटतं बाळ गार पडलंय, आणि ते आणखी तापायला लागतं. म्हणून सेन्सर सुटल्यावर दहा सेकंदांत यंत्रानं ओरडलं पाहिजे. ही दहा सेकंदं अण्णांची होती. नववा पॅच तोच.

चाचणीसाठी एका तालुक्याच्या दवाखान्यात आमची सहा यंत्रं गेली होती. त्यांतलं एक ओरडलं नाही. सेन्सर लोंबकळत होता, गादी तापत होती, आणि यंत्र गप्प. एक सिस्टर दुसऱ्याच बाळाकडे निघाली होती, तिचा हात जाता जाता त्या गादीला लागला. तिनं बाळ उचललं. बाळाच्या पाठीवरची लाली दोन दिवसांनी गेली. यंत्रं टेम्पोत घालून परत आली, आणि सरांनी आतला प्रोग्रॅम उघडून पाहिला तर दहा सेकंदांच्या जागी सहाशे. म्हणजे दहा मिनिटं.

पॅच आणि चळत हे आमचे रोजचे शब्द, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. यंत्रातला मूळ प्रोग्रॅम जगभर कुणालाही मिळणारा. त्यात आम्ही थेट हात घालत नसू. आमच्या दुरुस्त्या त्याच्यावर एकावर एक रचायच्या, भाकऱ्या रचतात तशा. अशा चौदा दुरुस्त्या, चौदा पॅच, त्यांची मिळून चळत, आणि प्रत्येक पॅचवर करणाऱ्याचं नाव. नवव्याला हात लावायचा तर वरचे पाच उतरवायचे, नवव्यावर उभं राहायचं, काय ते बदलून साठवायचं, आणि वरचे पुन्हा चढवायचे. आधी ही चळत आम्ही एकमेकांना मेलवर धाडायचो आणि कुणाची ताजी, कुणाची शिळी, यावर रोज भांडणं. बाळंतपणाच्या रजेवर जायच्या आधी मी ती सगळी एका सामायिक जागी ठेवली. ज्याला हवी त्यानं तिथून घ्यायची, काम करून परत ठेवायची, आणि कुणी कधी काय बदलून ठेवलं याची नोंद आपोआप व्हायची. फक्त दोघांनी एकदम चळत हलवली की खिचडी व्हायची, म्हणून तोंडी एक नियम होता. घेताना ग्रुपवर लिहायचं, "चळत माझ्याकडे." झालं की, "चळत ठेवली." इर्शाद लिहायचा, "चळत माझ्याकडे, भाकऱ्या अजून अम्मीकडे." अण्णा लिहायचे, "उचलली. कंबर गेली."

अण्णा बावन्न वर्षांचे. वीस वर्षं मिरजेच्या बाजारात टीव्ही दुरुस्त करत होते, मग टीव्हीच दुरुस्तीला यायचे बंद झाले तेव्हा स्वतःच्या मुलीच्या पुस्तकांवरून प्रोग्रॅम लिहायला शिकले. डिग्री नाही. प्रत्येक ओळ आधी वहीत पेन्सिलीनं लिहायचे, मग यंत्रात. असा माणूस "मला आठवत नाही" म्हणत होता.

मग सर म्हणाले, की वैजयंती, चळत तू उचल, नववा दुरुस्त कर, बाकीचे तेरा तपास, शुक्रवारी दुपारपर्यंत मला नीट चळत पाहिजे. मी माइक उघडून हो म्हटलं. ग्रुपवर लिहिलं, "चळत माझ्याकडे."

दीड वाजता रेवा झोपली. तिची ही झोप म्हणजे माझं ऑफिस, कधी दीड तास, कधी वीस मिनिटं. मी पाच पॅच उतरवले, नवव्यावर उभी राहिले. सहाशे खोडून दहा लिहायचं, दोन मिनिटांचं काम. पण सहाशे आला कधी ते बघावं म्हणून मी नोंदी उघडल्या.

ह्या नोंदी कुणी वाचत नसे. पॅच म्हणजे आधीच दोन प्रोग्रॅममधला फरक, आणि नोंद म्हणजे दोन पॅचमधला फरक. फरकाचा फरक. आलेल्या ओळीला अधिकचं चिन्ह, गेलेलीला उणे, आणि इथे अधिकाच्या आधी उणे, उण्याच्या आधी अधिक. इर्शाद त्याला चष्म्यावर चष्मा म्हणायचा. सर्वांनी पाहिला होता तो पॅच आणि त्याच्यावरचं नाव, आप्पासाहेब मगदूम. नोंदीत दुसरंच होतं. मागच्या महिन्याची बारा तारीख. दहा गेला, सहाशे आला. ठेवणारी व्यक्ती, वैजयंती.

ती दुपार मला मग सगळी आठवली. सिस्टरांना वाचता यावं म्हणून यंत्राच्या पडद्यावर मराठी अक्षरं आणायची होती, तो अकरावा पॅच माझा. तपासायला सरांनी यंत्राचा एक सुटा बोर्ड घरी पाठवला होता. तो ह्याच टेबलावर होता, आणि सेन्सर हवेत. बोर्डाला वाटायचं सेन्सर सुटला. दर दहा सेकंदांनी कर्कश्श ओरडायचा, आणि आतल्या खोलीत रेवा दचकून दोन्ही हात वर फेकायची. म्हणून मी नवव्यापर्यंत उतरले आणि दहाचे सहाशे केले. माझ्यापुरतं, तेवढ्या दुपारपुरतं. आणि तेवढ्यात ती रडली.

वीस मिनिटांनी तिला खांद्यावर टाकून एका हातानं टेबलाशी आले. आपण अकराव्यावर आहोत असं समजून, सवयीनं, साठवून टाकलं आणि सगळे पॅच चढवले. आमच्या कामात तुम्ही ज्याच्यावर उभे असता त्याच्या पोटात तुमचा बदल जातो, नाव मात्र त्याचंच राहतं. मी नवव्यावर उभी होते. पडद्यावर चौदाच्या चौदा नीट चढलेले दिसले. अक्षरं तपासताना दर पाच मिनिटांनी बोर्ड नव्यानं सुरू होत होता, त्यामुळे सहाशे कधी भरलेच नाहीत, दुपारभर तो ओरडला नाही, रेवा दोन तास झोपली, आणि मला त्याचं फक्त बरं वाटलं. संध्याकाळी लिहिलं, "चळत ठेवली."

त्या मंगळवारी मी लॅपटॉप मिटला आणि रेवाचे कपडे घड्या घालत बसले. घातलेल्या पुन्हा उलगडून घातल्या.

बुधवारी सांगू, असं ठरवलं. बुधवारी सासूबाईंचा फोन आला. निरंजनची, माझ्या नवऱ्याची, बदली रत्नागिरीला झालेली, तो शनिवारी संध्याकाळी यायचा. सासूबाई तिथेच. रोज फोन करायच्या, आणि रोज इतक्या मायेनं म्हणायच्या, की अगं ये ना इकडे, कशाला एकटी जिवाला घोर लावून घेतेस, पोर मोठी होईपर्यंत राहू दे ते काम. आवाज चढवला असता तर मला भांडता आलं असतं. मी हसत राहायचे, बघू म्हणायचे. माझ्याकडे म्हणायला एकच गोष्ट होती, की काम नीट चाललंय. सरांनी घरून काम दिलं तेव्हा ऑफिसात बऱ्याच जणांनी नाकं मुरडली होती. तान्ह्या बाळाच्या आईला यंत्राचा बोर्ड घरी देतात का, असं. सर म्हणाले होते, ती करेल. आता मी सांगायचं, की तान्ह्या बाळाच्या आईनं बाळ उठू नये म्हणून दवाखान्यातल्या बाळांचा गजर बंद केला. त्यानंतर बोर्ड परत, काम बंद, आणि शनिवारी निरंजन येईल तो सामान बांधायलाच. चूक लपवली तर हे टेबल माझं राहत होतं. त्याच्या बदल्यात अण्णांचं नाव त्या सहाशेवर राहत होतं.

इर्शादचा मेसेज आला, "ताई, चळत?"

त्याला दुरुस्ती करायची होती, चळत माझ्याकडे अडकली होती. मी लिहिलं, "रेवाला बरं नाही. उद्या."

रेवा समोर पालथी पडून स्वतःच्या मुठी चोखत होती. मी तिची दृष्ट काढली, खोटं बोलल्याबद्दल. मीठ-मोहऱ्या सिंकमध्ये टाकल्या. त्या तीन दिवसांत मी फ्लॅटच्या दाराबाहेर पाऊल टाकलं ते कचऱ्याची बादली जिन्यात ठेवायला.

गुरुवारी दुपारी ती झोपल्यावर मी जे केलं ते आजवर निरंजनलाही सांगितलेलं नाही. सामायिक जागेची किल्ली माझ्याकडे होती, ती जागा मांडलीच होती मी. नोंदी बदलता यायला नकोत असं मीच सर्वांना बजावलं होतं, आणि बदलायच्या कशा हेही एकट्या मलाच ठाऊक होतं. मी चळतीची एक प्रत काढली. तिच्यात बारा तारखेची ती नोंद शेजारच्या दहा नोंदींत मिसळून टाकली, अशी की कुणी चष्म्यावर चार चष्मे लावले तरी दिसू नये. काम सुरेख झालं. ती प्रत वर ढकलायची, जुनी पुसली जाईल, एवढंच उरलं होतं. आज्ञा लिहून झाली होती.

तेव्हा अण्णांचा फोन आला.

"ताई, बाळ कसं हाय? इर्शाद म्हणला बरं न्हाई."

बरं आहे आता, म्हटलं. त्यांनी दोन घरगुती औषधं सांगितली. मग उगाचच हवेबद्दल बोलले. मग म्हणाले, "एक विचारू का? तुमाला कधी असं होतं का वो, आपणच केलेलं आपल्याला आठवत न्हाई?"

"होतं की अण्णा. रेवा झाल्यापासून रोज होतं."

"तुमचं निराळं. जागरणं असत्यात." मग त्यांनी विचारलं, "त्या सहाशेच्या वरची ओळ वाचली का तुमी?"

वाचली होती. प्रोग्रॅममध्ये आकड्याच्या वर, वाचणाऱ्यासाठी, अण्णांनी मराठीत एक ओळ लिहून ठेवली होती. त्यांनी ती वाचून दाखवली.

"'दहा. वाढवू नये. बाळाला सांगता येत नाही.' ही ओळ मी लिहिलेली मला आठवती. वहीत बी हाय. आन् तिच्याखाली मीच सहाशे लिवतो. दोन दिवस वही घिऊन बसलोय. सापडत न्हाई कुठं. आमच्या वडलांचं असंच सुरू झालं, पंचावन्नला. आधी किल्ल्या. मग एकदा आईलाच म्हणले, बाई तुमी कुणाच्या? ही म्हणतीया डोक्याचा फोटो काढून घ्या. उद्या बारा वाजता हाय."

मी म्हटलं, "अण्णा, तसं काही नसेल."

"नसंल तर चांगलंच की. पण काम सोडतो म्हणून सरांना चिट्ठी दिली मी. लहान बाळांचं यंत्र हाय ताई. विसरणारा मानूस नको तिथं."

आत्ता बोल, असं मी स्वतःला म्हणत होते. ओठ उघडलेही होते. पण त्यांनीच, बाळाला सांभाळा, म्हणून फोन ठेवला, आणि मला, देवाशपथ, सुटल्यासारखं वाटलं. पडद्यावर ती आज्ञा तशीच होती. ती मी पाठवली नाही, खोडलीही नाही. लॅपटॉप चार्जिंगला लावला आणि रेवाच्या शेजारी जाऊन पडले.

शुक्रवारी सकाळी निरंजनला फोन करून सगळं सांगावं असं वाटलं. केलाही, तो मीटिंगमध्ये होता. इर्शादचा पुन्हा मेसेज. सरांचा मेसेज, बाराला बघतो. अकरा वाजता रेवाला तेल लावलं, आंघोळ घातली, तिनं माझं बोट धरून ठेवलं आणि तशीच झोपली. बोट सोडवून घेतलं तर उठेल म्हणून मी तिला तशीच उचलून टेबलाशी आणलं आणि दुसऱ्या हातानं ती प्रत पुसली. जुनी, खरी चळत उघडली.

सहाशे खोडून दहा लिहिणं सोपं होतं, पण ते तसंच केलं असतं तर अण्णांच्या नावाच्या पॅचमधली चूक मी निस्तरली, एवढंच जगाला दिसलं असतं. म्हणून आधी नवव्यावर उभी राहिले. त्याच्या पोटातून माझा सहाशे बाहेर काढला आणि त्याचा वेगळा पॅच केला. त्यावर माझं नाव घातलं, बारा तारीख घातली. त्याच्यावर आणखी एक पॅच, तो सहाशे रद्द करणारा, तोही माझा. असं कुणी करत नाही, चूक जपून ठेवायला कुणी चळतीत जागा देत नाही. मग नोंद लिहिली. एका हातानं लिहायला वेळ लागला.

"नवव्या पॅचमधले सहाशे मी लिहिले. घरचा बोर्ड ओरडू नये म्हणून. चुकीच्या पॅचवर उभी राहून साठवले, म्हणून मगदूमांच्या नावावर गेले. त्यांनी ते लिहिलेले नाहीत. त्यांचा नववा पॅच पहिल्यापासून बरोबर होता."

आणि ग्रुपवर, "चळत ठेवली."

घड्याळात बाराला सात मिनिटं कमी होती.

सरांचं काय झालं ते सांगून टाकते, म्हणजे मधे यायला नको. त्यांनी तासाभरानं फोन केला, आवाज चढवला नाही. बोर्ड घ्यायला माणूस पाठवला, सामायिक जागेची किल्ली इर्शादकडे गेली. दोन महिने मला काम नव्हतं. नंतर बोलावलं, ऑफिसात, पाळणाघराची सोय बघून ये म्हणाले, आणि वर्षभर पडद्यावरच्या अक्षरांपलीकडे कशाला हात लावू दिला नाही. ते दोन महिने मी रत्नागिरीला काढले. तो काही ह्या गोष्टीचा भाग नाही.

चळत ठेवल्याबरोबर मी अण्णांना फोन लावला. बरीच रिंग झाल्यावर बाईंचा आवाज आला.

"ते आत गेल्यात. फोन माझ्याकडं दिलाय. कोण बोलतंय?"

अण्णांच्या पद्मावतीवहिनी. त्यांना मी एकदाच भेटले होते, रेवाच्या बारशाला त्यांनी स्वतः विणलेली टोपी आणली होती. मी नाव सांगितलं.

"बाळ बरं हाय न्हवं?"

"बरं आहे वहिनी. अण्णा आत म्हणजे?"

"त्या मशिनीत. नंबर जरा आधीच लागला, पाचेक मिनिटं झाली. अर्धा तास लागंल म्हणल्यात. अंगठी न् करदोटा काढून माझ्या हातात दिला, म्हणले, आता मी कोण ते विसरलो तर ही वळख." त्या हसल्यासारख्या झाल्या. "चेष्टा करत्यात."

मी सांगायला लागले. पॅच, चळत, नववा, अकरावा, हे शब्द तोंडातून निघत होते आणि त्यांना त्यातलं काही कळत नाही हे मला कळत होतं. मधेच थांबून मी सगळं सोडून दिलं आणि म्हटलं, "वहिनी, ती चूक मी केली. नाव त्यांचं लागलं."

पलीकडे कुणाचा तरी नंबर पुकारला गेला. चाकांच्या खुर्चीचा आवाज लांबून आला आणि गेला.

"म्हंजे त्यांनी ते लिवलंच न्हवतं?"

"नाही."

"म्हंजे ते इसरलं न्हाईत."

"नाही. आठवायला काही नव्हतंच वहिनी."

त्या रडतील असं वाटलं, किंवा शिव्या देतील. त्यांनी तसं काही केलं नाही. नीट, दुकानात भाव विचारावा तशा आवाजात विचारलं, "तुमाला कधी कळलं?"

मला आज सकाळी म्हणता आलं असतं. त्या नोंदी वहिनी वाचणार नव्हत्या.

"मंगळवारी."

"काल त्यांनी तुमाला फोन केल्ता."

"हो."

"माझ्यासमोर केल्ता. बाहेर कट्ट्यावर बसून. रात्री मला म्हणले, पद्मा, पोरीचं नाव जोवर याद हाय तोवर तिचं लगीन उरकून टाकू. मी जेवाय वाढत हुते."

मी म्हटलं, मी नंतर फोन करते, अण्णा बाहेर आले की त्यांना तुम्ही सांगा.

"मी न्हाई सांगणार," त्या म्हणाल्या. "मला त्यातलं काय कळतंय? माझ्या तोंडचं त्यांना खरं बी वाटायचं न्हाई. म्हणतील, मला बरं वाटावं म्हणून सांगतीया. तुमीच सांगा. फोन ठिवू नका."

मी नाही ठेवला. त्यांनीही कानाला लावून ठेवलेला असावा, श्वास ऐकू येत होता. रेवा माझ्या कुशीत होती, बोट अजून तिच्या मुठीत. पाच मिनिटं गेली, दहा गेली. दारावर कुणीतरी बेल वाजवली, मी उठले नाही. त्या आवाजानं रेवा जागी झाली, भुकेनं रडायला लागली, आणि मी फोन मान वाकडी करून खांद्यात धरला आणि तिला पदराखाली घेतलं. पलीकडून वहिनी एकदाच बोलल्या, "रडू द्या. मला चालतंय."

बारा वाजून वीस मिनिटांनी एक दार उघडल्याचा आवाज आला. चपला ओढत कुणीतरी जवळ आलं. वहिनी हळू म्हणाल्या, "हं. धरा. बोला त्येंच्याशी."

"कोण हाय?" अण्णांनी विचारलं, आणि मग फोनमध्ये, जरा जपून, "हॅलो?"

"अण्णा, मी वैजयंती," मी म्हटलं. "तुम्ही आधी खाली बसा."